सुके बोंबील, वांगं-बटाटा आणि पावसाळी कालवण: तुमच्याकडे कसं करतात?

पागोळी: काल जिन्यातच वास आला, खाली कोणीतरी सुके बोंबील भाजत होतं, वर येईस्तोवर आजीच आठवली. 1 जूनला मासेमारी बंद झाली की अलिबागला आमच्याकडे डब्यातले बोंबील, सोडे (सोललेली सुकी कोळंबी), जवळा (बारीक सुकी कोळंबी) बाहेर. तापातून उठलेल्याला आजी हेच कालवण आणि मऊ भात द्यायची. डोकं-शेपूट काढून बोटभर तुकडे, कोरड्या तव्यावर तांबूस भाजायचे नि कोमट पाण्यातून काढायचे. तेलात ठेचलेला लसूण, हळद, घरचा मसाला, वांगं-बटाटा परतून पाणी, बटाटा शिजत आला की बोंबील, चिंचेचा कोळ अगदी शेवटी, कारण आंबट आधी पडलं की बटाटा टणकच राहतो. खोबरं वगैरे काही नाही. तुमच्याकडचं लिहा.

तिरफळ: खोबऱ्याशिवाय कालवण?? आमच्या मालवणात वाळीत टाकतील ओ तुम्हाला. सोडे आणि फणसाच्या आठळ्या करून बघा, वाटप आणि कोकमं घालून. आठळ्या आई माती लावून ठेवायची, पावसाळाभर पुरायच्या.

झोपमोड_आई: बाळंतपणात सासूबाईंनी मोरी माशाचं (छोटा शार्क) कालवण खायला घातलं, दूध येतं म्हणून. डॉक्टर म्हणाल्या दुधाचं माहीत नाही पण प्रोटीन आहे, खा. मला तो वास सहन व्हायचा नाही, मी त्यातल्या शेवग्याच्या शेंगा चोखून ताट सरकवायचे. उठली वाटतं, नंतर येते

घासफूस: मी शाकाहारी. धागा वाचून वांगं-बटाटा कुकरला लावला, चालू द्या तुमचं.

पागोळी: अहो कुकर नको, वांग्याचा लगदा होईल!

घासफूस: झाला.

तलावकाठ: समुद्रवाल्यांनो, भंडाऱ्याकडे तलावाचे झिंगे असतात बरं का. सुके झिंगे सुपात पाखडायचे, मिशा-पाय उडून जातात, मग वांग्यात टाकायचे, रस्सा पातळच. सोबत भातच पाहिजे, पोळीसोबत खाणाऱ्याशी मी बोलत नाही.

बदलीवाला: कोलकात्यात असताना कावीळ झाली, शेजारच्या काकू डबा द्यायच्या. शिंगी माशाचा पातळ झोल, त्यात कच्ची केळी, कच्ची पपई, फोडणीला कलौंजी आणि आलं. कांदा-लसूण नाही, तिखट नाही. पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, नंतर डब्याची वाट बघायचो. आता घरी कोणी आजारी पडलं की रोहू आणून तसाच करतो, बायको म्हणते ठणठणीत असताना पण कर की कधी.

नाखवीण: बीपीवाल्यांनी बांगडा खारा असेल तर भिजवून ते पाणी टाकून द्या. बोंबलाचं तसं नाही, ते बिनमिठाचेच वाळवतात. आमच्याकडे दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या बांबूंवर, टांगतात, लहानपणी कावळे हाकायचं काम आमचं.

तिरफळ: नाखवीणताई वसईच्या का? भाव काय चाललाय?

नाखवीण: वर्सोव्याची. भाव विचारू नका, मीच जपून वापरते हल्ली.

चौथामजला: बोंबील भाजले की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो त्याचं काय करायचं?

तलावकाठ: वाटीभर पाठवा. पुढच्या वेळी मेसेज येतो, आज काय केलंत.

नवशिक्या: चिंच संपलीय, आमचूर चालेल का, गॅसवर आहे लवकर सांगा

पागोळी: आमचूर नको, दोन टोमॅटो चिरून टाक. बटाटा शिजला का पण?