घर सोडण्यापूर्वीचा रोजचा दिवस : गोव्यातील अनुभव

गोव्यातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडलेल्यांचे लेखन वाचले, की परगावची खोली, मेसचे जेवण आणि चतुर्थीला घरी येण्याची ओढ यांविषयी भरभरून सापडते. मात्र जाण्यापूर्वीच्या एक-दोन वर्षांत घरातला आपला साधा दिवस कसा जात असे, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या मते त्या वयात मुलामुलींवर कितीतरी कामे बिनबोभाट येऊन पडलेली असतात आणि घराचा गाडा बराचसा त्यांवर चालतो. म्हणून विनंती अशी, की आपण तेव्हा रोज काय करत होतात ते तपशिलाने लिहावे, आणि आपण गेल्यावर ते काम कोणाकडे गेले, हेही आवर्जून सांगावे.

सुरुवात मी करतो. आमचे घर फोंड्याजवळच्या एका वाड्यावर आहे. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वाजला की पाव आणि पोळ्या (कोंड्याचे गोल पाव) घेणे माझ्याकडे असे, आणि त्यानंतर आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे, कारण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही त्यांना बारीक अक्षर लागत नव्हते. त्यांचा क्रम ठरलेला होता : आधी निधनवार्ता, मग जत्रांच्या आणि नाटकांच्या जाहिराती, आणि शेवटी अग्रलेख. निधनवार्तेतले गाव आणि आडनाव ऐकले की ते त्या घराण्याचे कुलदैवत, सोयरीक आणि १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, ती माणसे काय करत होती, हे सांगू लागत. गोव्याविषयी मला जे काही ठाऊक आहे त्याचा मोठा भाग त्या ओसरीवर मिळालेला आहे. मी पुण्याला गेल्यावर आजोबा आकाशवाणीच्या पणजी केंद्राच्या बातम्या ऐकू लागले. त्यांत निधनवार्ता नसतात, त्यामुळे तेवढ्या आता आई वाचून दाखवते.

चोडण, सध्या बेंगळुरू

आमच्या बेटावर दिवसाची आखणी फेरीबोटीवरून होते. मयेमार्गे रस्ता आहे, परंतु पणजीला जायचे तर तो मोठा वळसा. त्यामुळे रायबंदरची फेरी हाच आमचा खरा रस्ता. पणजीत शिकत असताना मी सकाळी धक्क्यावर पोचले, की कोणी ना कोणी हातात चिठ्ठी आणि नोटा देत असे : कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कोणाचे विजेचे बिल, कोणाच्या मिक्सरचे बिघडलेले भांडे. पायी जाणाऱ्याला फेरीचे पैसे पडत नाहीत, आणि मी रोज जाणारच, तेव्हा ही कामे माझ्याकडे येणे साहजिक होते. मी चिठ्ठ्या वहीच्या मागच्या पानाला टाचणीने लावून ठेवत असे आणि परतीच्या फेरीत, एका बाजूला कांदळवनातले बगळे आणि दुसऱ्या बाजूला मांडवीतल्या बार्जेस दिसत असताना, प्रत्येकाची सुटी नाणी वेगवेगळ्या पुडीत बांधत असे. बोटीचा फळा धक्क्याला टेकला की आधी दुचाक्या सुटतात; त्यांच्या धुरातून बाहेर येईपर्यंत दोघी-तिघी काकी वाट पाहत उभ्या असत.

या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा पैसे पाठवायचा थांबला आहे, हे त्या चिठ्ठ्यांवरून न विचारता कळत असे, आणि ते दुसऱ्या कोणाला सांगायचे नाही, एवढी जबाबदारीही त्यातूनच आली. आता चुलतभाऊ स्कूटरने जातो. तो बिले भरतो, पण औषधांची नावे वाचण्याचा त्याला धीर नाही, म्हणून शेजारच्या काकी मी सुट्टीला आले की गोळ्यांचा मोठा साठा करून घेतात.

सत्तरी, सध्या पुणे

आमच्याकडे बारावीच्या आणि पुढे पदवीच्या परीक्षा नेमक्या काजूच्या हंगामात येत. उजाडण्यापूर्वी बाबा आणि मी डोंगरावर निघत असू. गव्यांचा वावर असल्यामुळे एकट्याने जायचे नाही, असा घरचा नियम होता. बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळे, झाडावरून तोडायचे नाहीत, पिकून खाली पडलेलेच गोळा करायचे, कारण फेणीसाठी पूर्ण पिकलेल्या बोंडवांचाच रस हवा. टोकाला खिळा ठोकलेली काठी हातात असली की वाकावे लागत नाही : बोंडवात खिळा टोचायचा, काठी डब्याच्या काठावर आपटायची, पुढच्या झाडाखाली जायचे. डबे भरले की सावलीत बसून बी पिळून वेगळी करायची. बी अंगणात वाळत घालण्यासाठी घरी येई, आणि बोंडू भट्टीवर जात, तेथे कोळंबीत (तुडवण्यासाठी केलेल्या खळग्यात) ते तुडवून रस काढतात. तो आंबवून पहिल्या धारेला हुर्राक आणि पुन्हा उकळल्यावर फेणी. या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आमच्या भागात रास्त अभिमान आहे.

बोंडवाच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून हंगामाचे कपडे वेगळे असत. बोटांनाही काळेपणा धरायचा. बी पिळताना मी समोर दगडावर पुस्तक उघडे ठेवत असे आणि पाने उलटण्याचे काम धाकटी बहीण करत असे, त्यामुळे माझा अर्धा अर्थशास्त्राचा अभ्यास तिचाही झाला. मी गेल्यावर बाबांनी वरच्या उतारावरचा भाग दुसऱ्यांना वाट्याने दिला आहे. पडलेले बोंडू कुजण्यापूर्वी गोळा झाले पाहिजेत, आणि एका माणसाला ते जमत नाही. सुट्टी काढून मी एप्रिलमध्ये जातो, परंतु हंगाम माझ्या सुट्टीसाठी थांबत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

डिचोली, सध्या दुबई

२०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहणारे आमचे दोन ट्रक घरासमोर उभे राहिले. मी महाविद्यालयात होतो. त्या वर्षापासून बँकेच्या हप्त्यांची वही लिहिणे, अर्ज भरणे आणि बाबांसोबत कचेऱ्यांत जाऊन बसणे, हा माझा दिनक्रम झाला. ट्रकच्या बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून संध्याकाळी इंजिन थोडा वेळ चालू ठेवावे लागे. सगळ्या वाड्यावर त्याच सुमारास तो आवाज येत असे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी पुन्हा थांबल्या आणि त्यानंतर मी बाहेर पडलो. ट्रक विकले. वही आता बहीण लिहिते, आणि माझ्यापेक्षा नीट लिहिते.

पेडणे, सध्या मुंबई

देवळाच्या जत्रेला आमच्या गावात मराठी नाटक होते आणि त्याच्या तालमी रात्रीच्या जेवणानंतर सभामंडपात चालतात. मी प्रॉम्प्टर होते. दिवसभर वायरिंगची कामे करणारा किंवा बसवर कंडक्टर असणारा माणूस पानभर स्वगत पाठ करून येतो, आणि एका शब्दावर अडतो तेव्हा तो शब्द नेमक्या क्षणी, नेमक्या आवाजात देणे, हे मला जमत असे. आता ते काम शाळेतला एक मुलगा करतो. तालमीचा आवाज तो मला फोनवर पाठवतो आणि मी त्याला कोठे घाई होते ते कळवते.

मडगाव, अजून घरीच

मी जुलैमध्ये पुण्याला रुजू होणार आहे, म्हणून वरचे सर्व अनुभव अतिशय लक्ष देऊन वाचले आणि माझ्या कामांची यादी केली. गॅस नोंदवणे आणि मोबाइलवरून पैसे पाठवणे बाबांनी शिकून घेतले आहे. पाण्याची मोटर आई सांभाळेल. आजीच्या डोळ्यांतल्या थेंबांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, कारण दुपारची वेळ आई-बाबा दोघेही कामावर असताना येते आणि आजीला बाटली स्वतः धरता येत नाही. शेजारच्या वहिनी तयार आहेत, परंतु रोजचे काम असे दुसऱ्याच्या घरावर टाकणे आईला प्रशस्त वाटत नाही. ज्यांनी अशी कामे शेजाऱ्यांकडे सोपवली, त्यांनी ती कशी आणि कोणत्या शब्दांत सोपवली, ते कृपया लिहावे. जूनअखेरपर्यंत मला हे ठरवायचे आहे.