शेअर्ड ब्रँचवर रोजचं बँकिंग भागतं का?

ओहायोकर:
नोकरीमुळे टेक्सासला आलोय, पण ओहायोच्या क्रेडिट युनियनचं (सभासदांच्या मालकीची, बँकेसारखी संस्था) खातं सोडलं नाही, कार लोन तिकडचंच आहे. इथे त्यांची एकही शाखा नाही. पण ते को-ऑप शेअर्ड ब्रँच नावाच्या नेटवर्कमध्ये आहेत, म्हणजे इथल्या दुसऱ्याच युनियनच्या काउंटरवर आपल्या खात्यात पैसे भरा, काढा, लोनचा हप्ता भरा. देशभर अशा 5,000 च्या आसपास शाखा. मोठ्या बँकेत नवीन खातं कशाला उघडायचं?

जर्सीवाली:
आकड्यावर जाऊ नका हो. भरणा-काढणी ठीक आहे, पण पत्ता बदलायचाय, कार्ड ब्लॉक झालंय, लोनचं काही विचारायचंय, की उत्तर ठरलेलं, "तुमच्या युनियनला फोन करा". कॅशलाही लिमिट, बऱ्याच ठिकाणी दिवसाला 500 डॉलर. आणि चेक भरला तर होल्ड लागू शकतो, म्हणजे पैसे लगेच वापरता येत नाहीत, भाडं त्यावर अवलंबून असेल तर बसा वाट बघत.

ओहायोकर:
पत्ता काय रोज बदलतो का? ते ॲपवर होतं. मला शाखा लागते ती कॅश भरायलाच, वीकेंडला फराळाचे डबे विकतो आम्ही.

पैसेवाला_पुणेरी:
मग तुम्हाला चालेल, पण सगळ्यांना सांगत सुटू नका. खाते नंबर आणि खोटा आयडी घेऊन दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढायचे फ्रॉड याच काउंटरवर होतात, कारण समोरचा टेलर (काउंटरवरचा कर्मचारी) खातेदाराला ओळखतच नाही. म्हणून तर ते लिमिट.

नवीनच_आलेली:
म्हणजे पैसे त्या दुसऱ्या युनियनकडे जातात का? आणि हे आपल्या पतसंस्थेसारखंच ना?

जर्सीवाली:
नाही गं, पैसे तुझ्याच युनियनमध्ये राहतात, काउंटर फक्त उसना. सभासद हेच मालक, एवढं पतसंस्थेसारखं, पण इथे सरकारी एनसीयूए कडून 2,50,000 डॉलरपर्यंत ठेवीचा विमा असतो (सगळ्या नाही पण बहुतेक युनियनना), आपल्याकडे पतसंस्थेच्या ठेवीला डीआयसीजीसीचं (बँक ठेवींचा विमा देणारी भारतातली संस्था) कव्हर नाही. जाताना फोटो आयडी, खाते नंबर आणि युनियनचं पूर्ण नाव ने. नावं इतकी सारखी असतात की टेलर यादीतून भलतीच उघडतो आणि सांगतो खातंच नाही म्हणून.

ओहायोकर:
बघा, वापरता तुम्हीही!

जर्सीवाली:
वापरते की. पण पगार मोठ्या बँकेतच येतो माझा.