यहूदालाही पस्तावा झाला होता. मग पेत्राचा पश्चात्ताप वेगळा कसा?

जैतून यांचा प्रश्न

मत्तयाच्या शुभवर्तमानात २६व्या अध्यायाच्या अखेरीस येशूचा शिष्य पेत्र प्रभूला नाकारल्यानंतर बाहेर जाऊन अतिशय दुःखाने रडतो आणि २७व्या अध्यायाच्या आरंभीच येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याला पस्तावा होतो. यहूदाने नुसती हळहळ केली असे नाही. आपण निर्दोष माणसाला धरून दिले हे त्याने उघडपणे कबूल केले आणि घेतलेली ३० रुप्याची नाणी परत आणून दिली. दुःख, कबुली आणि मोबदल्याचा त्याग या तिन्ही गोष्टी त्याच्या ठायी दिसतात. पेत्राच्या बाबतीत मात्र त्या रात्री अश्रूंखेरीज काहीच दिसत नाही. तरीही एकाने स्वतःचे जीवन संपवले आणि दुसरा मंडळीचा आधारस्तंभ झाला. हा भेद कशामुळे पडला?

याला जोडूनच दुसरी शंका आहे. पश्चात्तापाचे आशीर्वाद म्हणून आपण क्षमा, शांती आणि आनंद यांची नावे सहज घेतो, परंतु पापाचे परिणाम अनेकदा जसेच्या तसे राहतात. मग आशीर्वाद नेमका कशात आहे?

दीपस्तंभ यांचे उत्तर

आपण दोघांच्या दुःखाची तुलना केली आहे, पण दोघे आपले दुःख घेऊन कोणाकडे गेले हे पाहिले तर उत्तर सापडते, असे मला वाटते. यहूदा मुख्य याजकांकडे गेला. त्यांनी त्याला सांगितले की, त्याचे आम्हाला काय, तुझे तू पाहून घे. ज्या दाराशी तो गेला तेथे क्षमा नव्हतीच, आणि ते दार बंद झाल्यावर त्याच्यापाशी स्वतःखेरीज कोणी उरले नाही. पेत्राची गोष्ट वेगळी होती. लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो की कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले. आणि त्याआधीच, पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून आपण प्रार्थना केली आहे व तो वळल्यावर त्याने आपल्या भावांना स्थिर करावे, असेही प्रभूने त्याला सांगून ठेवले होते. म्हणजे पेत्र पडण्यापूर्वीच त्याच्या परतीची वाट तयार झालेली होती.

प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ७व्या अध्यायात दोन प्रकारच्या दुःखांत फरक करतो: देवाच्या इच्छेनुसार होणारे दुःख पश्चात्ताप घडवून तारणाकडे नेते आणि जगाचे दुःख मरणाकडे नेते. हा फरक दुःखाच्या तीव्रतेचा नाही. जगाचे दुःखही अतिशय खोल असू शकते. परंतु त्याची नजर स्वतःच्या नाशावर खिळलेली असते, तर देवाच्या इच्छेनुसार होणारे दुःख ज्याच्याविरुद्ध पाप केले त्याच्याच कृपेकडे तोंड वळवते. मात्र यहूदाचा अंतिम न्याय काय झाला, हे ठरवणे आपले काम नव्हे.

मोहरी यांचे उत्तर

आपल्या दुसऱ्या शंकेसाठी दावीद राजाकडे पाहावे. उरीयाची पत्नी बथशेबा हिच्याशी व्यभिचार करून उरीयाला युद्धात मारवल्याच्या प्रकरणी नाथान संदेष्ट्याने त्याच्यासमोर त्याचे पाप उघड केले तेव्हा दावीदाने ते कबूल केले आणि नाथानाने तत्क्षणी क्षमेची वार्ता दिली. पण त्याच श्वासात बथशेबेपासून झालेल्या बालकाच्या मृत्यूचीही वार्ता दिली. दावीदाच्या घरात तलवार राहील हे नाथानाचे शब्दही मागे घेतले गेले नाहीत, आणि पुढे दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडात ते खरे ठरले. ५१वे स्तोत्र परंपरेने याच प्रसंगाशी जोडले जाते, आणि त्यात दावीद काय मागतो हे लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. शिक्षा टळावी असे गाऱ्हाणे तेथे नाही. शुद्ध हृदय, देवाचे सान्निध्य, पवित्र आत्मा काढून घेतला जाऊ नये आणि तारणाचा गेलेला आनंद परत मिळावा, हे त्याचे मागणे आहे. मला वाटते, आशीर्वादाचे खरे स्वरूप तेथेच आहे: पापाने तुटलेली देवाची सोबत परत मिळते, आणि उरलेले परिणाम भोगताना माणूस एकटा राहत नाही.

जक्कय या जकातदाराचाही विचार करावा. लूकाच्या १९व्या अध्यायात त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे ठरवले, पण प्रभू त्याच्या घरी उतरला तो हे ठरण्याच्या आधी. भरपाई ही कृपेची किंमत नव्हती. कृपा घरात आल्यावर तिने हात मोकळे केले. यहूदाने नाणी परत केली आणि जक्कयानेही पैसे परत केले, परंतु यहूदाने ती मंदिरात फेकून दिली, तर जक्कयाला ज्यांची हानी झाली त्यांचा विचार होता.

प्राजक्त यांचे उत्तर

कॅथोलिक परंपरेतील एक भेद येथे उपयोगी पडेल. प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्तापी व्यक्तीकडून मनःपूर्वक दुःख, पापनिवेदन आणि प्रायश्चित्ताची कृती अपेक्षित असते, व धर्मगुरूंकडून पापमुक्ती दिली जाते. शिक्षेच्या भीतीने होणारे दुःख अपूर्ण आणि देवावरील प्रेमामुळे होणारे दुःख परिपूर्ण, असे ट्रेंट येथील कॅथोलिक धर्मपरिषदेने १५५१ मध्ये मांडले; परंतु अपूर्ण दुःखालाही तिने देवाचे दानच म्हटले. म्हणून कोणी केवळ भीतीपोटी परतला तरी त्याला हिणवू नये. प्रोटेस्टंट परंपरेची संस्काराविषयीची भूमिका वेगळी आहे, तरी विश्वासणाऱ्याचे संपूर्ण जीवन पश्चात्ताप असावे हेच प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याच्या १५१७ मधील ९५ प्रबंधांपैकी पहिल्या प्रबंधाचे म्हणणे आहे.

जैतून

आपणा सर्वांचे आभार. जक्कयाच्या घटनाक्रमाकडे माझे लक्ष गेले नव्हते. आता एकच गोष्ट विचारायची आहे: तेच पाप पुन्हा पुन्हा घडत असेल, तर आधीचा पश्चात्ताप खोटा होता असे मानावे काय?

दीपस्तंभ

तसे सरसकट मानू नये. लूकाच्या १७व्या अध्यायात प्रभू शिष्यांना सांगतो की, भाऊ दिवसातून सात वेळा अपराध करून सात वेळा पश्चात्ताप झाल्याचे सांगत आला तर त्याला क्षमा करा. जो आपल्याकडून इतकी क्षमा अपेक्षितो, तो स्वतः आठव्या वेळी दार लावून घेईल, हे संभवत नाही. परंतु पश्चात्तापाला शोभणारी फळे द्या, ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची मागणीही तितकीच खरी आहे, आणि त्याने जकातदारांना व शिपायांना सांगितलेली फळे अगदी ठोस होती: ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, कोणाला लुबाडू नका. तेव्हा जे पाप पुन्हा पुन्हा घडते त्याच्या वाटा कोणत्या आहेत हे शोधून त्या बंद कराव्यात, आणि याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे एखाद्या विश्वासू बंधुभगिनीजवळ ते बोलून सोबत प्रार्थना करावी.