नासदीय सूक्त, महास्फोट आणि विजयदुर्गचे ओटे

सड्यावरचा मास्तर

काल येथे ‘देवरुखी’ यांनी लिहिले की नासदीय सूक्तात महास्फोट (बिग बँग, म्हणजे विश्वाचा आरंभ अतिउष्ण, अतिघन अवस्थेतून झाला हा सिद्धांत) जसाच्या तसा सांगितलेला आहे, ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची ४३२ कोटी वर्षे हेच विश्वाचे वय आहे आणि शास्त्रज्ञांनी आपल्या पूर्वजांच्या उत्तरावर उशिरा शिक्का मारला आहे. त्याखाली नमस्कारांची रांग लागलेली पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले हे १२९ वे सूक्त माझ्या वडिलांनी मला ओटीवर बसवून पाठ करून घेतले होते. त्या सात ऋचांत उत्तर नाहीच. ‘को अद्धा वेद’, खरोखर कोणाला ठाऊक आहे, असे ऋषी विचारतो. देवसुद्धा या सृष्टीनंतरचे, मग ती कोठून आली हे सांगणार कोण, असे म्हणतो. आणि परम आकाशातून जो हिच्यावर नजर ठेवतो त्याला ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, एवढे बोलून थांबतो. अशा माणसाच्या तोंडी तयार उत्तर कोंबणे हा त्याचा गौरव कसा, हे मला समजत नाही.

आकड्यांचे म्हणाल, तर आजच्या मोजमापानुसार विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. ४३२ कोटी हा आकडा पृथ्वीच्या सुमारे ४५४ कोटींच्या आसपास येतो खरा, पण मग ते विश्वाचे वय उरत नाही. जो आकडा जवळ दिसेल त्याच्या गळ्यात माळ घालायची, असा हिशेब आमच्या सोसायटीच्या वहीतही चालत नाही.

विस्तारणाऱ्या विश्वाचे गणित १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यातून पुढे आलेल्या महास्फोटाच्या सिद्धांतात सृष्टिकर्त्याची साक्ष पाहिली, तेव्हा ती सांगड खुद्द लमेत्र यांनाच रुचली नव्हती.

देवरुखी

मास्तर, तुमचे संस्कृत माझ्यापेक्षा चांगले आहे हे मान्य. ते तुम्ही दर चौथ्या दिवशी सिद्धही करता. परंतु आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी १६५० साली सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवला, त्याच्या कित्येक शतके आधी आमची माणसे कोटींत मोजत होती, याचे तुम्हाला काहीच वाटत नाही का? महास्फोट ज्यांना पटला नाही ते नारळीकर तर आपलेच होते. मग तो अंतिम सत्य असल्यासारखे आम्हाला का सुनावता?

माझ्या मुलाची शस्त्रक्रिया चालू होती, तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर मी चार तास बसून होतो. त्या चार तासांत तुमची १३८० कोटी वर्षे माझ्या उपयोगी पडली नाहीत. गावी भावाने रवळनाथासमोर गाऱ्हाणे घातले आणि फोनवरून मंडळींचे ‘होय म्हाराजा’ ऐकले, तेव्हा कोठे माझे हात कापायचे थांबले.

शिवाय विज्ञान म्हणजे परक्यांची मिरासदारी आहे असेही समजू नका. हेलियमचा शोध इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात आपल्या विजयदुर्गावर उभा राहून लावला. अशी ही भूमी आहे.

वर्णपट

मूळ वादात मला पडायचे नव्हते, पण शेवटचे वाक्य वाचून पडावे लागत आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर हिंदुस्थानात नव्हते, ते इंग्लंडमध्ये होते. त्या दिवशी फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला दुर्बीण लावून बसले होते. लॉकियर यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचा रंगपट्टा, पाहिला तो २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून. आणि सोडियमच्या रेषांशी न जुळणारी त्यातली पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, असावी, असे पुढे त्यांनी मांडले. विजयदुर्गाची ही गोष्ट दर ऑगस्टात वाचून मी कंटाळलो आहे. ब्रह्मदेवाच्या दिवसाचे जे झाले तेच हिचे: ऐकली, आवडली, पुढे पाठवली.

वाघोटण खाडी

‘वर्णपट’ हे कधी विजयदुर्गाला आले आहेत काय? आमच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे साहेबाच्या दुर्बिणींचे चौथरे, आजही आहेत. आजोबांनी मला बोटाला धरून नेऊन दाखवले. त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवले होते, आणि त्या पणजोबांनी साहेबाच्या पेट्या होडीतून उतरताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ते सगळे खोटे बोलत होते, असे तुमचे म्हणणे आहे का? शहरात बसून आमचे दगड खोटे ठरवायला काही पडत नाही.

वर्णपट

दगड खोटे आहेत असे मी म्हटलेले नाही. साल खोटे आहे, असे म्हटले आहे. पणजोबांचा जन्म कोणत्या सालचा, तेवढे सांगा.

वाघोटण खाडी

१८८६. (हे लिहिता लिहिताच आपण काय विचारलेत ते माझ्या ध्यानात आले. तरीही आपला सूर मला आवडलेला नाही.)

सड्यावरचा मास्तर

दोघांनीही थोडा दम धरावा, कारण ओटेही खरे आहेत आणि पणजोबाही खरे आहेत. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला, तेव्हा नॉर्मन लॉकियर स्वतः तेथे आले होते आणि ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या हाताखाली दुर्बिणी सांभाळत होते. जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखासाठी ती सारी तयारी होती. मात्र तोवर हेलियमचे नाव जुने झाले होते. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी तो पृथ्वीवरच्या खनिजातूनही मिळवला होता. तीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन घटना लोकांच्या बोलण्यात एक झाल्या, इतकेच.

निवृत्त परिचारिका

साहेब कोठे उभा होता यावर आपण सगळे इतके तापलात, म्हणून मलाही एक विचारू द्या. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात मी सहा महिन्यांची गरोदर होते. सासूबाईंनी मला दुपारभर माजघरात, खिडकीला गोधडी लावून, सरळ निजवून ठेवले. पाणी नाही, कूस बदलायची नाही. मी स्वतः परिचारिका होते आणि तरीही गप्प पडून राहिले, याची लाज मला आजही वाटते. विश्व कधी सुरू झाले यावरून आमच्या घरात कोणी तहानेने कळवळले नाही. ग्रहणावरून मी कळवळले. देवरुखी, गाऱ्हाण्याने तुमचे हात थांबले याचा मला आनंदच आहे. परंतु त्याच देवाचे नाव घेऊन मला कोंडले होते, हेही तुमच्या हिशेबात धरा.

देवरुखी

ताई, ते चूक होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. आमच्या घरीही तसेच होत असे. माझ्या आईने ते सोसले आणि पुढे माझ्या पत्नीलाही सांगितले. मी तेव्हा मध्ये पडलो नाही.

पण मास्तरांनी नारळीकरांना शिताफीने वगळले, तेवढे माझ्या नजरेतून सुटलेले नाही.

वर्णपट

त्याचे उत्तर मी देतो, कारण ते हेलियममध्येच आहे. नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांना महास्फोट मान्य नव्हता, पण तो पूर्वजांना मान्य नव्हता म्हणून नव्हे. त्यांनी १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासह पर्यायी सिद्धांत गणितानिशी मांडला आणि तो तपासायला सगळ्यांपुढे ठेवला. विश्वातल्या साध्या द्रव्यापैकी वजनाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे. ताऱ्यांच्या भट्टीत एवढा हेलियम तयार होणे जमत नाही; आरंभीच्या काही मिनिटांतल्या उष्णतेत मात्र तो जमतो. ही अडचण १९६४ साली ठळकपणे मांडणाऱ्या दोघांपैकी एक खुद्द हॉइल होते. आपल्याच मताला जड जाणारा हिशेब माणसाने स्वतः छापायला दिला! देवरुखी, तुमच्या कालच्या मजकुरात असे एक तरी वाक्य होते का?

देवरुखी

नव्हते. ४३२ कोटींचे वाक्य मी काढून टाकतो. सूक्त मात्र काढणार नाही. मास्तरांनी लावला तो अर्थ माझ्यापेक्षा बरा आहे, हे नाइलाजाने लिहितो. त्या काही मिनिटांच्या आधी काय होते, हे ‘वर्णपट’ यांनाही सांगता आलेले नाही, याची नोंद असावी.

वर्णपट

नोंद घेतली. मला ते ठाऊक नाही.

वाघोटण खाडी

किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन होतो, तो आम्ही बंद करणार नाही. पोरांना त्या निमित्ताने दुर्बिणीतून पाहायला मिळते. २२ जानेवारीचेही पुढच्या बैठकीत सुचवीन. ‘वर्णपट’ यांना खरोखर यायचे असेल तर त्यांनी जानेवारीतच यावे. ऑगस्टात तटावर शेवाळ असते, आणि घसरून पडले तर तेही साल चुकीचे होते म्हणतील.