आपटाआपटीला विनोद म्हणायचं का?

कुडाळचा मास्तर: गणपतीत वाडीतल्या पोरांनी मंडपात पडदा बांधून नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचे विनोदी लघुपट लावले. माणूस पडतो, उठतो, परत पडतो. दुसऱ्याच्या पडण्यावर हसायला शिकवायचं? 'वस्त्रहरण'सारख्या मालवणी नाटकावर पोसलेल्या जिल्ह्याला हा पोरकटपणा कशाला?

वेंगुर्लेकर: मास्तर, तुम्ही पडणं तेवढं बघितलंत. लॉरेल-हार्डीचा १९३२चा 'द म्युझिक बॉक्स' घ्या. दोघं पियानो घेऊन भलामोठा जिना चढतात. तो सुटतो, घरंगळत खाली जातो, परत चढवतात. घामाघूम होऊन वर पोचल्यावर पोस्टमन सांगतो, अहो, वरपर्यंत गाडीरस्ता आहे! तर हे दोघे पियानो पुन्हा जिन्यावरून खाली उतरवतात आणि गाडीत घालून त्या रस्त्याने वर आणतात! हसू येतं ते या खुळ्या प्रामाणिकपणाचं. ऑस्कर काय पोरकटपणाला मिळालं?

सुरंगा: ऑस्कर कशाला हवं? आपला दशावतारातला संकासुर बघा. काळ्या वेशातला तो आला की पोरं आधी आईला बिलगतात, मग खदखदून हसतात. पण हल्ली आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा हा भाग, उरकून टाकतात आणि ट्रिकसीन, म्हणजे चमत्काराचे देखावे, लावतात. धूर काय, नाग काय!

पेटीवाल्याची बहीण: ट्रिकसीनला नावा ठेवूक सोपा आसा. माझो भाव दशावतारात पेटी वाजवता. ट्रिकसीन नसलो तर मध्यरात्रीनंतर समोर कोण बसता? तुम्ही बसतास?

सुरंगा: बसते. पहाटेपर्यंत. भावाबद्दल बोललेच नव्हते, उगाच अंगावर येऊ नका.

वेंगुर्लेकर: सुरंगाताईंचं पटतं. मूकपटांतल्या बस्टर कीटनवर १९२८च्या 'स्टीमबोट बिल, ज्युनियर'मध्ये घराची अख्खी भिंत कोसळते आणि खिडकीच्या पोकळीत उभा म्हणून तो वाचतो. भिंत खरी, वजन खरं. धुरात ती धास्ती कुठून येणार?

पेटीवाल्याची बहीण: आणि रातभर मुकुट घालून तलवार घेवन नाचणाऱ्याचा आंग खोटा? ता कोणी लिवना नाय.

वेंगुर्लेकर: ते मान्य. नाचणाऱ्याला मी कमी लेखणार नाही. ट्रिकसीनचं मात्र माझं मत तेच.

कुडाळचा मास्तर: माझा प्रश्न राहिला बाजूला! पियानोवाला बघेन एकदा. पण डोळ्यांत बोटं खुपसणारे ते तिघे पोरांना दाखवू नयेत, यावरून हलणार नाही.

वेंगुर्लेकर: थ्री स्टूजेसवरून तुमच्याशी भांडत नाही, मलाही ते सोसत नाहीत. पियानोवाला मात्र एकटे बघू नका, पोरांबरोबर बसा.

पेटीवाल्याची बहीण: आणि सुरंगाताईनू, यंदा आमच्या जत्रेक येवा. भावाची पेटी ऐका, मगे बोला.