डी-जीवनसत्त्वाची पुडी आणि आईची 'सूज': मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. आई ७२ वर्षांची, मधुमेह १५ वर्षांचा, मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.८.

फेब्रुवारीत तिचं डी-जीवनसत्त्व ११, म्हणजे कमी निघालं. डॉक्टरांनी ६० हजार युनिटची पुडी दिली: आठवड्याला एक, ८ आठवडे, मग महिन्याला एक. शेजारच्या काकूंनी "याने अंगातली सूज उतरते, शुगरपण" असं सांगितल्यापासून आईने आठवड्याची पुडी सोडलीच नाही. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही. हिशोब केला तर सात महिने दर रविवारी दुधातून चालू आहे!

आता एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ६.२, म्हणजे जास्त आलंय. आई म्हणते, "बघ, सूज आहे, म्हणजे पुडी हवीच." मला वाटतं, सात महिने घेऊनही सूज असेल तर उपयोग काय? हल्ली ती पाणी फार पिते, पोटही साफ होत नाही. शुगरचंच असेल ना? (कमाटीबागेत रोज फिरते, पण सकाळी ६ ला, पूर्ण बाह्यांत. त्या उन्हाने डी काय मिळणार!)

प्रतिसाद १
पुडी आजच थांबवा, बाकीचं नंतर. दर आठवड्याला ६० हजार म्हणजे रोजचे साडेआठ हजार युनिट. मोठ्यांसाठी देखरेखीविना रोज ४,००० ही वरची मर्यादा धरतात. जास्त तहान आणि बद्धकोष्ठता रक्तात कॅल्शियम वाढल्यानेही होते, आणि मधुमेह्यात ते शुगरच्या नावावर खपून जातं. कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि डी-ची पातळी करून डॉक्टरांकडे जा. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद २
इथे सूज म्हणजे पाय सुजणं नव्हे, शरीराच्या आतला दाह, हे आधी काकूंना सांगा. सीआरपी यकृतात तयार होतं आणि साध्या सर्दीनेही चढतं, त्यामुळे एका आकड्यावर जाऊ नका, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. डी कमी असलेल्या मधुमेह्यांत पुडीने सीआरपी थोडं उतरल्याचं काही चाचण्यांत दिसलंय, काहींत काहीच नाही. कमतरता भरून काढणं योग्यच, पण भरल्यावर आणखी ओतून काय मिळणार? २०१९ च्या डीटूडी चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांवर रोज ४,००० युनिट देऊन पाहिलं, तरी मधुमेह ठोसपणे टळला नाही. आईंच्या हिरड्या कशा आहेत? मधुमेहात हिरड्यांच्या आजारानेही सीआरपी वाढतं.

धागाकर्ता
हिरड्या! ब्रश करताना रक्त येतं म्हणून आईने दोन महिन्यांपासून मंजन बोटाने लावायला घेतलंय. मला आजच कळलं. उद्या कॅल्शियमचं रक्त देतोय, शुक्रवारी दातांचे डॉक्टर. पुड्या माझ्या कपाटात ठेवल्यात. आई रुसलीये.