स्तन पुनर्रचनेनंतर लाली आली आहे, पण ताप नाही. थांबावे का?

प्रश्न

माझ्या थोरल्या बहिणीचा एक स्तन कर्करोगामुळे काढावा लागला आणि त्याच शस्त्रक्रियेत पुढच्या इम्प्लांटसाठी (कृत्रिम स्तनासाठी) जागा तयार करणारा एक्स्पांडर बसवण्यात आला. त्याला आज २३ दिवस झाले. शेवटचा ड्रेन (आत साठणारे पाणी बाहेर काढणारी नळी) चार दिवसांपूर्वी काढला. कालपासून स्तनाच्या खालच्या बाजूला लाली दिसते आहे आणि तिथली त्वचा थोडी ताणल्यासारखी वाटते. ताप नाही, दुखतही नाही, म्हणून पुढच्या आठवड्यातल्या तपासणीपर्यंत थांबावे असे तिचे म्हणणे आहे. तिला मधुमेह आहे आणि लवकरच केमोथेरपी सुरू व्हायची आहे. थांबणे योग्य ठरेल का? शिवाय जंतुसंसर्गाचा हा धोका किती काळ राहतो?

प्रतिसाद १

कृपया थांबू नका, आजच शल्यचिकित्सकांना फोन करा. दुखत नाही, याचा तर अजिबात आधार घेऊ नका. स्तन काढताना त्वचेकडे येणाऱ्या संवेदनेच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे तो भाग बधिर असतो आणि आत काही बिघडले तरी वेदना जाणवेलच असे नाही. मला संसर्ग झाला तेव्हा तो मला कळला तो आतल्या कपड्यावर उमटलेल्या रुपयाएवढ्या पिवळट डागामुळे. परिचारिकेने लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत लाली त्या रेघेच्या बोटभर पुढे गेली होती. शिरेतून अँटिबायोटिक देऊनही ती ओसरली नाही आणि अखेर इम्प्लांट काढावे लागले. सहा महिन्यांनी पोटावरच्या ऊतींपासून पुन्हा पुनर्रचना झाली. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई पहिल्याच दिवशी दाखवायला आली होती आणि तिचे इम्प्लांट वाचले.

प्रतिसाद २

मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे, त्यामुळे घाई का करायची एवढेच सांगते. इम्प्लांट असो वा एक्स्पांडर, त्याला रक्तपुरवठा नसतो. जंतू एकदा त्याच्या पृष्ठभागावर चिकटले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात, आणि त्या थरात शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी व औषधे दोन्ही नीट पोहोचत नाहीत. तो थर पक्का होण्याआधी उपचार मिळाले तर इम्प्लांट वाचण्याची शक्यता वाढते. कधी गोळ्यांवर भागते, तर कधी आतली जागा धुऊन इम्प्लांट बदलावे लागते.

लाली म्हणजे संसर्गच असेही नाही. इम्प्लांटला आधार म्हणून प्रक्रिया केलेल्या त्वचेचा पडदा वापरला असेल, तर त्याच्यावरच्या भागात ताप किंवा ठणका नसलेली लाली येऊ शकते. परंतु हा फरक तपासणारे ठरवतील, आपण घरी नव्हे. ड्रेन काढल्यावर आत पाणी साठले आहे का, हे सोनोग्राफीत दिसते आणि साठलेले पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवता येते. म्हणूनच घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका, कारण मग कल्चरमध्ये जंतू सापडणे अवघड होते.

बहुतेक संसर्ग पहिल्या काही आठवड्यांत दिसतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या नोंदपद्धतीत स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या खोल संसर्गावर ९० दिवस लक्ष ठेवले जाते. मात्र इम्प्लांटभोवतीचा संसर्ग त्यानंतरही, क्वचित वर्षांनीसुद्धा, होऊ शकतो. मधुमेह, धूम्रपान, स्थूलता, रेडिएशन आणि टाक्यांजवळची त्वचा काळवंडणे यांमुळे धोका वाढतो. बहिणीची साखर सध्या किती आहे, ते फोनवर आवर्जून सांगा.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. त्वचा सावळी असेल तर लाली उशिरा लक्षात येते. हाताची मागची बाजू दोन्हीकडे टेकवून कोणता भाग जास्त गरम लागतो ते पाहावे. शेकायची पिशवी मात्र मुळीच वापरू नका, बधिर त्वचा भाजलेली कळत नाही. केमोच्या डॉक्टरांनाही आजच कळवा, कारण संसर्ग असताना सहसा केमो पुढे ढकलतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. फोन केला, त्यांनी लगेच बोलावले. सोनोग्राफीत पाणी दिसले, ते काढून कल्चरला पाठवले आहे आणि बहिणीला दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले आहे. लालीभोवती रेघही ओढली आहे. सध्या तरी लाली रेघेच्या आतच आहे.